पदर वर ठेवलेल्या घड्या

आंब्याला पाड लागला आणि दुपारचे रस्ते ओस पडायला लागले की मला अजून वाटतं, आता बस्ते सुरू होतील. हल्लीच्या मुलींना हा शब्द समजावून सांगावा लागतो. बस्ता म्हणजे लग्नाचं कापड. पण नुसतं कापड नव्हे. मुलाकडची आणि मुलीकडची माणसं एका दुकानात एकत्र बसायची, देवाच्या खणापासून आत्याबाईच्या मानाच्या लुगड्यापर्यंत सगळं तिथंच निघायचं, आणि शेवटी त्या ढिगाचं गाठोडं बांधून त्यावर हळदकुंकू वाहायचं. साखरपुडा मोडलेला मी पाहिला आहे, पण गाठोडं बांधल्यावर सोयरीक मोडलेली कधी ऐकली नाही.

यंदा माझ्या नातीचं, मुक्ताचं लग्न आहे. ती बेंगळुरात कुठल्याशा कंपनीत असते. तुझं काम तरी काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आजी, गिऱ्हाईक दारात आल्यापासून परत जाईपर्यंत त्याला कसं वाटतं, याचा विचार करायचा. आणि त्याला आणखी बरं कसं वाटेल, ते ठरवायचं." मी म्हटलं, "ह्याचा पगार देतात? मग मला पेन्शन कामून न्हाई?" ती खूप हसली. पण मी अर्धीच गंमत करत होते.

माझं माहेर कडगंची. बिदरला सून होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनला जेमतेम वर्ष उलटलं होतं. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक दार, एवढाच आमचा संसार. घरात मराठी, सासूबाई रागावल्या की कानडी आणि दुकानात गिऱ्हाईक बघून दख्खनी. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे, सासूबाईंना अव्वा. मी आले त्या दिवसापासून मधल्या दारातून एक वास घरात यायचा. कोऱ्या कापडाच्या खळीचा, थोडा भाताच्या पेजेसारखा. तो मला फार आवडायचा. माहेरच्या आठवणीनं रडू आलं की मी भांडी घासायचं सोडून त्या दाराशी जाऊन उभी राहायची.

दुकान मात्र सुकलं होतं. त्या धामधुमीच्या वर्षात खेड्यातली माणसं बिदरकडं फिरकलीच नव्हती. लग्नं थांबत नाहीत, माणसं वाट बदलतात. बस्ते आगगाडीत बसून उदगीरला जायला लागले आणि सवय लागली ती लागली. अप्पा सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे आणि दुपारपर्यंत रस्त्याकडं बघायचे. अप्पांचे एक चुलतभाऊ सोलापूरला गिरणीत होते. त्यांनी ह्यांच्यासाठी तिथं जागा बघून ठेवली होती. अप्पांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ही लगनसराई बघू. न्हाई जमलं तर मिरगाच्या आधी हा सोलापूरला जाईल."

ह्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. मी चुलीपाशी होते. लग्नाला चार महिने झाले होते आणि त्या घराच्या रीतीनं दिवसा एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. मला अजून ह्यांचा चेहरा उजेडात नीट बघायलासुद्धा मिळाला नव्हता. आणि सोलापूरला गिरणीत गेलेली माणसं कशी परत येतात, ते मला माहीत होतं. माझा थोरला भाऊ दिवाळीला यायचा, पाहुण्यासारखा.

हे स्वभावानं मुखदुर्बळ, पण मनात काहीतरी सारखं घोळत असायचं. माल आणायला हैदराबादला गेले आणि तिथली मोठी दुकानं बघून भारावून आले. काचेची कपाटं, उंच टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची! आपल्याकडं गिऱ्हाइकाला राजासारखं बसवलं तर ते उदगीरला कशाला जाईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या वर्षी निजामाकडचे कितीतरी अंमलदार गाव सोडून गेले होते आणि त्यांचं सामान बाजारात पडलं होतं. ह्यांनी त्यातून एक लांब टेबल आणि वेताच्या चार खुर्च्या उचलल्या. अप्पा कुरकुरले, पण मुलाचा उत्साह बघून गप्प बसले. गादी गुंडाळून कोठीत गेली, लोड तिच्यावर पडले. खुर्च्या पुसताना हे पाठमोरे इतके रंगून गेले होते की मला मधल्या दाराआडून बघताना हसू येत होतं.

हंगामाचा पहिला बस्ता आला तो जनवाड्याहून. मुलीचे वडील मल्लप्पा. मूळचे धनगर, आता शेती करून राहिलेले, पण खांद्यावरची घोंगडी सुटलेली नव्हती. मुलाकडची माणसं आधी पोचली. त्यांना ह्यांनी मोठ्या अगत्यानं खुर्च्यांवर बसवलं. मुलाचा बाप, चुलता, मामा आणि आणखी कुणीतरी. मग मल्लप्पा आपल्या माणसांसह आत आले. चारही खुर्च्या भरलेल्या. खाली बसावं तर गादी नाही, उघडी फरशी.

"बसा की," हे म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मल्लप्पांचा भाऊ तापट होता. तो म्हणाला, "कुठं बसावं? मुलीच्या बापानं फरशीवर बसायचं, अन् मुलाचा मामा खुर्चीवर पाय हलवत बसणार व्हय?"

मुलाचा मामा ताडकन उठला. "घ्या, बसा. आम्हाला काय खुर्च्याचं अप्रूप न्हाई."

पण असं फेकून दिलेल्या खुर्चीवर कोण बसेल? मल्लप्पा बसेनात. ते बसेनात म्हणून मुलाच्या बापालाही बसून राहता येईना, तो उठला. तो उठल्यावर सगळेच उठले. चार खुर्च्या रिकाम्या आणि दोन्हीकडची माणसं उभी! उभ्यानं कुणी बस्ता काढतं का? कुणीतरी मागचं काहीतरी काढलं, कुणीतरी त्याला उत्तर दिलं, आणि एकही घडी न उलगडता दोन्ही गाड्या दोन वाटांनी निघून गेल्या.

आतलं हे सगळं मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी बाहेर दुसरंच काही बघत होते. मागच्या बोळातून मी अंगण झाडत बाहेर आले, तर मल्लप्पांची गाडी लिंबाच्या तोकड्या सावलीत उभी होती आणि तिच्यात बायका बसलेल्या. सकाळी जनवाड्याहून निघाल्यापासून. कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. बस्ता गडीमाणसांनी काढायचा, बायका सोबतीला आल्या तरी गाडीतच राहायच्या. मी तांब्या भरून नेला. त्यांच्यात नवरी मुलगी होती, सुंदरा नावाची. माझ्याच वयाची. पाणी पिऊन तिनं मला हळूच विचारलं, "अक्का, आत काय दिसायलंय? लुगडी कसली हायत?"

"तुला न्हाई दाखवणार?"

"मला कशाला दाखवतेत? घ्यायचं ते घेतील. मला एकदा बघू तरी द्यायला पायजे हुतं."

एवढं ती बोलली आणि आतून आरडाओरडा ऐकू आला, गाडी जुंपली गेली. मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. माझंही असंच झालं होतं. माझ्या लग्नाचं लुगडं मी पहिल्यांदा पाहिलं ते अंगावर नेसवताना. कुणा काकानं पसंत केलेलं. वाईट नव्हतं. पण ते माझं आहे असं मला कधीच वाटलं नाही, आणि हे कुणाला सांगायचं असतं हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुक्ता मला परवा हैदराबादच्या एका चारमजली दुकानात घेऊन गेली. गार हवा, पायाखाली गालिचा, हातात थंड सरबत. ती आरशासमोर साड्या अंगावर टाकून बघत होती आणि फोटो काढून होणाऱ्या नवऱ्याला पाठवत होती. मी एका कोचावर बसून बघत होते. दुकानातली पोरगी तिला फार गोड विचारायची, "मॅडम, कुठला रंग?" पण मुक्ता उत्तर द्यायच्या आत दुसरी साडी उलगडायची. तिसरी, चौथी. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. अगं, जरा थांब की, असं म्हणावंसं वाटलं. पण नव्वदीला टेकलेल्या बाईनं दुकानात शहाणपणा शिकवू नये, म्हणून सरबत पिऊन घेतलं.

जनवाड्याची माणसं निघून गेली त्या दुपारी घरात कुणी जेवलं नाही. बातमी गाडीपेक्षा आधी गावोगाव पोचणार होती. ह्या दुकानात सोयरीक मोडते, असं एकदा तोंडी झालं की संपलं. कोण चढणार आमची पायरी? हे कोठीत, गुंडाळलेल्या गादीवर डोकं धरून बसले होते. मी धान्य काढायच्या निमित्तानं आत गेले. दिवसाढवळ्या ह्यांच्याशी बोललेली ती पहिली वेळ.

"मी चांगलं करायला गेलो," हे म्हणाले.

"चांगलंच केलंत. पण खुर्चीवर एकच माणूस बसतो. गादीवर चौथा आला की तिघं सरकत्यात."

ह्यांनी मान वर केली. पहिल्यांदा उजेडात मी तो चेहरा बघितला. डोळे लाल झालेले. मला इतकी माया आली की सुपातले दाणे सांडले, आणि ते वेचायच्या निमित्तानं मी गाडीतल्या सुंदराचं सगळं सांगून टाकलं.

अव्वा दारात उभ्या होत्या, ते आम्हाला कळलंच नाही. आता बोलणी बसणार म्हणून मी उठले. पण अव्वा खाली बसून उरलेले दाणे वेचायला लागल्या. मग म्हणाल्या, "माझंबी लगीन असंच झालं गं. सवतीच्या पसंतीचं वाटावं असलं लुगडं." आणि पदर खोचून त्या सरळ अप्पांपाशी गेल्या.

त्यांनी अप्पांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गाडी जुंपून जनवाड्याला गेले, तिथून मुलाच्या गावाला. अप्पा कधी कुणापुढं वाकणारे नव्हते. पण दोन्हीकडं त्यांनी एकच वाक्य सांगितलं. "चूक आमच्या खुर्चीची हाय, तुमची न्हाई." खुर्चीवर चूक टाकल्यावर माणसांना परत यायला वाट मोकळी झाली. अप्पांना माणसाची नाडी कळायची, फक्त दुकान सुकल्यापासून ते तिला हात लावत नव्हते.

ती माणसं परत आली तेव्हा गादी अंथरलेली होती आणि खुर्च्या माळ्यावर गेल्या होत्या. अप्पा दारात जाऊन हात जोडून आमच्या लिंगायत रीतीनं "शरणार्थी" म्हणाले आणि मल्लप्पांच्या खांद्याकडं हात करून म्हणाले, "आज आमच्या गादीवर तुमची घोंगडी आंथरा. दोघं व्याही तिच्यावर बसा." मल्लप्पांनी घोंगडी झटकली आणि दोन्ही हातांनी अंथरली. मुलाच्या बापानं तिला आधी हात लावून नमस्कार केला, मगच बसला. मधलं दार किलकिलं करून मी बघत होते. माझ्या डोळ्याला पाणी आलं.

बायकांना अव्वांनी मागच्या बोळातून माजघरात आणलं. हातपाय धुवायला पाणी, गुळाचा खडा, ताक. कुंकू लावलं. दुकानातल्या अंधारात सगळी लुगडी सारखीच दिसतात, पण आमच्या माजघराला अंगणाचा उजेड होता. ठरल्याप्रमाणं लुगड्यांचा पहिला ढीग बाहेर न उघडता आत आला. इरकली, टोपपदराची, हिरवी, डाळिंबी, जांभळी. नवरीनं लग्नाआधी नेसून बघायची रीत नव्हती. म्हणून मी ती एकेक माझ्या खांद्यावर टाकून उजेडात फिरून दाखवायला लागले. बायका आधी गप्प, मग कुजबुज, मग जे हसायला लागल्या!

"सुंदरा, तुला कोणतं पायजे?" मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. ती लुगड्यांकडं बघायची, आईकडं बघायची. ज्या मुलीला आयुष्यात कुणी काही विचारलं नाही, तिला एकदम असं विचारल्यावर काय सुचणार? "कळंना मला," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. तिची आई म्हणाली, "द्या की तुमच्या मनानं कोणतंबी." पण अव्वांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. तिला बघू द्या."

विचारणं सोपं असतं. उत्तर येईपर्यंत कळ काढणं अवघड. बाहेर माणसं चुळबुळायला लागली होती. "लुगडी कुठं गेली? आत काय चाललंय?" आणि मग मी एक नवल ऐकलं. आमचे मुखदुर्बळ हे बोलायला लागले होते! धोतराचा पोत, मंदिलाची जर, कुठल्या गावचा विणकर, हैदराबादच्या रस्त्यावर आपण कसे चुकलो, काय वाटेल ते. आयुष्यात इतकं बोलले नसतील. माणसं हसत होती, पटके बांधून बघत होती. दारापलीकडं ते वेळ काढत होते आणि दाराअलीकडं मी. आमचा संसार खरा त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते.

सुंदरानं शेवटी हात पुढं केला आणि डाळिंबी रंगाच्या एका लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला. नुसता धरून ठेवला.

आता ही पसंती बाहेर कशी सांगायची? बायकांनी ठरवलं असं कळलं तर पुन्हा मानपान. तिथं अव्वांचं डोकं चाललं. त्यांनी बायकांच्या पसंतीच्या लुगड्यांच्या घड्या पदर वर ठेवून घातल्या, बाकीच्या काठ वर ठेवून. ढीग तसाच बाहेर गेला. मधल्या दारात ढीग देताना अव्वांनी ह्यांना खूण सांगितली होती. पदर वर असलेली घडी आली की ती मल्लप्पांपुढं अलगद उलगडायची, बाकीच्या नुसत्या दाखवून बाजूला. डाळिंबी लुगडं उलगडलं तसं मल्लप्पा पुढं सरकले. "हेच घ्या. आमच्या सुंदरीला शोभतंय हे." व्याह्यांनी मान डोलावली. आत सुंदरानं तोंडाला पदर लावला आणि तिच्या आईनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली.

गडीमाणसांना ती खूण कधी कळली नसेल का? पुढं मी अप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कळत न्हाई असं कुठं हाय? पण न कळल्यागत केलं की घरात सुख असतंय."

मग बस्ते येत गेले. कुठं जाहिरात नाही, काही नाही. बिदरच्या दुकानात बायकांना बसवतेत, असं बायकांनीच विहिरीवर सांगितलं आणि गाड्या आमच्या बोळात वळायला लागल्या. किती मुलींना मी विचारलं असेल, तुला कोणतं पायजे? कुणी पटकन सांगायची, कुणी लाजून लाल व्हायची, एक तर म्हणाली, मला लगीनच नको. तिला ताक पाजून अव्वांनी दोन तास समजून घेतलं. माझे खांदे लुगड्यांनी दुखायचे, पण मन भरलेलं असायचं. आता वाटतं, मी दुसऱ्याच्या सुखात हात घालून स्वतःची भीती विसरू बघत होते. कारण सोलापूरची गोष्ट मिटली नव्हती. हंगाम बरा झाला होता, पण एका हंगामावर दुकान चालतं का, असं अप्पांचं म्हणणं. चुलतभावाला शब्द गेला होता. अव्वांनी ह्यांच्यासाठी शेंगाच्या पोळ्या करायचं ठरवलं, वाटेत खायला. त्या टिकतात.

ढग यायला लागले, शेवटचा बस्ता गेला. उरलेली लुगडी आम्ही माजघरात घड्या घालत बसलो होतो, अप्पा, अव्वा, हे आणि मी. तेवढ्यात ह्यांनी हातातली घडी खाली ठेवली आणि अप्पांच्या देखत, अव्वांच्या देखत मला विचारलं,

"गौरा, तू सगळ्या पोरींना विचारलंस. तुला कोणतं पायजे?"

त्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. नवऱ्यानं थोरांसमोर बायकोचं नाव घेऊन! माझे कान तापले. मी लुगड्यांकडं बघितलं. अव्वांकडं बघितलं. हे थांबले. घाई केली नाही, दुसरं लुगडं पुढं केलं नाही. नुसते थांबले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला लुगडं नको. तुम्ही सोलापूरला जाऊ नका."

अव्वा घडीवरून हात फिरवत राहिल्या. मी डोळे मिटून घेतले. आता अप्पा काय म्हणतील?

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. मधल्या दारापर्यंत गेले आणि तिकडं तोंड करूनच ह्यांना म्हणाले, "सोलापूरला सांगावा धाड. गिऱ्हाइकानं एवढं तोंडानं मागितल्यावर न्हाई कसं म्हणावं?"

मी रडले, अव्वा रडल्या, हे उगाच लुगड्यांचा ढीग सारखा करत बसले. आणि लुगडंही घेतलंच मी. पिवळंजर्द. एवढं बोलायचं धाडस केल्यावर ते तरी कामून सोडू?